पारडॉट स्पेशालिस्ट परीक्षा: सॉफ्टवेअर हाताशी नसताना तयारी कशी करायची?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी.

मी अंबडमधल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत मार्केटिंग बघते. प्रदर्शनातून आणलेल्या व्हिजिटिंग कार्डांच्या याद्या करायच्या, त्यांना मेल पाठवायचे आणि कोणी उत्तर दिलं की सेल्सच्या लोकांमागे लागायचं, असं काम. सगळं एक्सेल आणि एका साध्या मेल पाठवायच्या सॉफ्टवेअरवर चालतं. आता पुढची पायरी म्हणून सेल्सफोर्सची (विक्री आणि ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) मार्केटिंग क्लाउड अकाउंट एंगेजमेंट स्पेशालिस्ट ही परीक्षा द्यायचं ठरवलंय. मार्केटिंगचे मेल, फॉर्म आणि याद्या आपोआप सांभाळणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरची ही परीक्षा. त्याला सगळे अजून पारडॉटच म्हणतात, म्हणून मीही तेच नाव वापरते.

अडचणी दोन आहेत. आमच्या कंपनीत पारडॉट नाही. ट्रेलहेड या सेल्सफोर्सच्या शिकायच्या साइटवरचे धडे फुकट आहेत, ते झाले. पण सरावासाठी जे फुकट प्लेग्राउंड मिळतं, त्यात पारडॉट येत नाही. त्यामुळे धड्यांमधली चित्रं बघून सगळं डोक्यात बसवायचं चाललंय.

दुसरी अडचण जास्त छळते. सरावाचे प्रश्न सोडवायला घेतले की चारही पर्याय बरोबर वाटतात. उदाहरणार्थ, 'किंमतपत्रक डाउनलोड केलेल्या सगळ्यांना एका यादीत टाकायचं आहे.' हे ऑटोमेशन रूलने होतं, सेगमेंटेशन रूलने होतं, डायनॅमिक लिस्टने होतं आणि त्या फाइलवर कम्प्लीशन अॅक्शन लावूनही होतं. मग त्यांना नेमकं हवं काय असतं?

फी २०० डॉलर आणि वर कर, तीही माझ्या खिशातून. त्यामुळे पूर्ण तयारीनेच बसायचंय. कोणी दिली असेल तर जरा सविस्तर सांगा.

---

सह्यवेडा (पुणे)

तुम्ही जिथे अडकला आहात तिथेच बहुतेकांचे गुण जातात, त्यामुळे प्रश्न अगदी योग्य जागी विचारलाय. मी बरीच वर्षं पारडॉट अॅडमिन म्हणून काम करतोय आणि आमच्याकडच्या नव्या मुलामुलींची तयारीही करून घेतो.

आधी ढोबळ माहिती. ६० प्रश्न, ९० मिनिटं, उत्तीर्ण व्हायला ७२ टक्के, म्हणजे ६० पैकी ४४ उत्तरं बरोबर यायला हवीत. याखेरीज गुण न मोजले जाणारे पाचेक प्रश्न मधे पेरलेले असू शकतात. ते कोणते हे कळत नाही, म्हणून एखादा प्रश्न अगदीच अनोळखी आला तर त्यावर वेळ घालवू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा रिकामं काहीच सोडायचं नाही. विषयवार वाटणी अशी: लीड (संभाव्य ग्राहक) मॅनेजमेंट २४ टक्के, फॉर्म आणि लँडिंग पेज २०, ईमेल २०, एंगेजमेंट स्टुडिओ (आपोआप जाणाऱ्या मेलचे टप्पे आखायची जागा) १७, अॅडमिनिस्ट्रेशन ११, व्हिजिटर (साइटवर येणारा अनोळखी माणूस) आणि प्रॉस्पेक्ट (ज्याचा ईमेल आपल्याकडे आहे तो) ८. नोंदणी करायच्या दिवशी अधिकृत एक्झाम गाइड पुन्हा उघडून बघा, कारण हे आकडे ते मधूनमधून बदलतात.

जुनं साहित्य वाचताना नावांचा गोंधळ होतो, तेही सांगून ठेवतो. पारडॉट ही २००७ साली अटलांटात सुरू झालेली स्वतंत्र कंपनी. २०१२ मध्ये ती एक्झॅक्टटार्गेटने घेतली आणि २०१३ मध्ये एक्झॅक्टटार्गेटलाच सेल्सफोर्सने सुमारे अडीच अब्ज डॉलरला विकत घेतलं. आजचं मार्केटिंग क्लाउड एंगेजमेंट हे त्या एक्झॅक्टटार्गेटचं रूप, आणि २०२२ पासून पारडॉटचं नाव मार्केटिंग क्लाउड अकाउंट एंगेजमेंट. दोन्ही नावं सारखी दिसत असली तरी सॉफ्टवेअर पूर्ण वेगळी आहेत आणि परीक्षाही वेगळ्या. ईमेल स्पेशालिस्ट ही परीक्षा त्या दुसऱ्याची. चुकून तिचे सरावप्रश्न सोडवत बसू नका.

आता मुख्य मुद्दा. तुमचे चारही पर्याय ते काम करतात हे खरंच आहे. परीक्षेत त्या कामाची वेळ विचारलेली असते. म्हणून प्रत्येक साधनाला हे प्रश्न विचारा: ते कधी चालतं? आधीच येऊन गेलेल्या लोकांना लागू होतं का? एकदा चालून थांबतं की चालत राहतं? आणि माणूस अटीतून बाहेर पडला तर केलेलं काम मागे घेतं का?

कम्प्लीशन अॅक्शन फॉर्म, फाइल, ईमेल किंवा कस्टम रीडायरेक्टवर (क्लिक मोजणाऱ्या लिंकवर) बसवलेली असते. कोणी ती कृती केली की त्याच क्षणी चालते. हिचं टोलनाक्यासारखं आहे: नाका बसवल्यानंतर जाणाऱ्या गाडीचा टोल घेतला जातो, काल गेलेल्या गाडीचा नाही. शिवाय ती फक्त प्रॉस्पेक्टवर चालते. ज्याचा ईमेल आपल्याकडे नाही अशा अनोळखी व्हिजिटरवर चालत नाही.

ऑटोमेशन रूल चालू केला की आधीपासून डेटाबेसमध्ये असलेले, अटीत बसणारे सगळे तो पकडतो आणि पुढेही लक्ष ठेवून राहतो. पण एकदा केलेलं काम तो परत घेत नाही. अट मोडली तरी माणूस यादीत तसाच राहतो. आणि रिपीटचा पर्याय दिला नसेल तर एका माणसावर तो एकदाच चालतो.

सेगमेंटेशन रूल आपण चालवू तेव्हा चालतो, त्या घडीला बसणारे सगळे उचलतो आणि थांबतो. करता येण्यासारखी कामंही मोजकी: यादीत टाकणं, टॅग लावणं, अशी.

डायनॅमिक लिस्ट सतत चालते. अटीत बसला की आत, अट मोडली की आपोआप बाहेर. तिच्यात कोणाला हाताने घालता येत नाही.

आता तुमचाच प्रश्न थोडेसे शब्द बदलून वाचा. 'इथून पुढे जो कोणी किंमतपत्रक डाउनलोड करेल त्याला लगेच' असं असेल तर कम्प्लीशन अॅक्शन. 'आजवर केलेले आणि इथून पुढे करणारे' असेल तर ऑटोमेशन रूल. 'उद्याच्या एका मेलपुरती यादी हवी' असेल तर सेगमेंटेशन रूल. 'स्कोअर (कृतींवरून मिळणारे गुण) १०० च्या वर आहे तोवरच यादीत राहावा' असेल तर डायनॅमिक लिस्ट. प्रश्नातली काळ दाखवणारी क्रियापदं आणि क्रियाविशेषणं पेन्सिलने अधोरेखित करायची सवय लावा. मी शिकवताना पहिला आठवडा फक्त एवढंच करून घेतो.

सॉफ्टवेअर हाताशी नसेल तर वही घ्या. तुमच्या कंपनीत प्रदर्शनातून कार्ड आल्यापासून ऑर्डर मिळेपर्यंत जे जे होतं ते लिहून काढा, आणि प्रत्येक पायरीवर यातलं कोणतं साधन लावाल आणि का, हे समोर लिहा. इथे टाकलंत तर बघून सांगतो.

---

रानपाखरू (कोल्हापूर)

धागा वाचनखुणेत साठवला. मीही याच तयारीत आहे. स्कोअर आणि ग्रेड यांत फरक काय, असं विचारलं तर उत्तर देता येतं, पण गणित आलं की गडबडते. कोणीतरी आकडे घेऊन समजावेल का?

---

मांडवी (पणजी)

रानपाखरू, मी सांगते. रोजचं काम आहे माझं.

स्कोअर म्हणजे समोरच्याला तुमच्यात किती रस आहे ते. तो त्याच्या कृतींवरून वाढतो आणि आकड्यात असतो. मूळ सेटिंगमध्ये एक पान बघितलं की १ गुण, मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की ३, फॉर्म भरला की ५०, फॉर्म भरताना चूक झाली की उणे ५. हे आकडे बदलता येतात, पण परीक्षेसाठी मूळचेच पाठ हवेत.

ग्रेड म्हणजे तो माणूस तुम्हाला ग्राहक म्हणून किती हवाय ते. ती त्याच्या पदावरून, उद्योगावरून, ठिकाणावरून ठरते आणि अक्षरात असते, एफपासून ए प्लसपर्यंत. प्रत्येकाची सुरुवात डीपासून. प्रोफाइलमधला (हव्या असलेल्या ग्राहकाच्या वर्णनातला) प्रत्येक निकष जुळला की ग्रेड एक तृतीयांश, दोन तृतीयांश किंवा पूर्ण अक्षराने हलते.

आता गणित. समजा परचेस मॅनेजर हे पद जुळलं, त्याला पूर्ण अक्षर ठेवलंय: डीवरून सी. उद्योग जुळला, त्याला दोन तृतीयांश: सीवरून सी प्लस, मग बी मायनस. देश आपण विकत नाही असा निघाला, त्याला एक तृतीयांश खाली: पुन्हा सी प्लस. पायऱ्या मोजताना मायनस, साधा, प्लस हा क्रम बोटांवर धरा, म्हणजे चुकत नाही.

दोन्ही मिळून वाचायची सवय लावा. आमच्याकडे एकाचा स्कोअर धडाधड वाढत होता आणि सेल्सची मुलं त्याला फोन करायला निघाली होती. ग्रेड एफ होती. बघितलं तर कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सगळी वेबसाइट वाचत बसलेला विद्यार्थी. त्याला रस होता, पण ग्राहक नव्हता. उलट ग्रेड ए आणि स्कोअर नगण्य असा माणूस म्हणजे ज्याच्यापर्यंत आपण अजून पोचलोच नाही. परीक्षेत अशी वर्णनं देऊन 'याच्याबाबत काय कराल' असं विचारतात.

---

एडिसनकर (न्यू जर्सी)

सह्यवेडा आणि मांडवी यांनी फार चांगलं लिहिलंय. मी एंगेजमेंट स्टुडिओबद्दल भर घालतो, कारण टक्केवारी १७ असली तरी तिथे प्रश्न लांबलचक असतात आणि वेळ खातात.

ट्रिगर आणि रूल यांतला फरक आधी पक्का करा. ट्रिगर कान देऊन ऐकत असतो: यांनी मेलमधली लिंक उघडली का, फॉर्म भरला का. रूल साठवलेली माहिती तपासतो: स्कोअर किती आहे, अमुक यादीत आहे का, पद काय आहे. 'मेल पाठवल्यावर त्याने क्लिक केलं तर' हे ट्रिगरचं काम आणि 'त्याचा स्कोअर १०० च्या वर असेल तर' हे रूलचं.

ट्रिगरला 'जास्तीत जास्त ७ दिवस' अशी मुदत दिली असेल तर काय होतं ते नीट समजून घ्या. दुसऱ्याच दिवशी क्लिक केलं तर माणूस लगेच 'हो'च्या वाटेने पुढे जातो, सात दिवस थांबत नाही. 'नाही'च्या वाटेने जाणाऱ्याला मात्र पूर्ण मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. एखादा माणूस अमुक तारखेला कोणत्या टप्प्यावर असेल, असा प्रश्न आला की सगळी मदार यावर.

आणखी एक बारकावा. प्रोग्रॅमची (स्टुडिओत आखलेल्या मेलच्या क्रमाची) रिसिपियंट लिस्ट, म्हणजे ज्यांना मेल जातात त्यांची यादी, डायनॅमिक असेल तर माणूस अटीतून बाहेर पडला की यादीतून निघतो, आणि यादीतून निघाला की प्रोग्रॅममध्ये पुढे सरकत नाही. पुन्हा अटीत बसला तर जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. बरेच जण समजतात की पुन्हा पहिल्या मेलपासून सुरू होईल. कागदावर दोन वाटा काढून, एका काल्पनिक माणसाला तारखा देऊन त्यावरून चालवून बघा. सॉफ्टवेअर नसताना याहून चांगला सराव नाही.

ओपन रेटबद्दलही थोडं. किती जणांनी मेल उघडला हे मेलमधलं चित्र उतरलं की मोजतात. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर अॅपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. त्यात मेलमधली चित्रं अॅपलचे सर्व्हर आधीच उतरवून घेतात, त्यामुळे माणसाने मेल उघडला नसला तरी उघडल्याची नोंद पडते. म्हणून 'ओपन केला का' यावर वाट फोडणं प्रत्यक्षात भरवशाचं नाही. मूळ स्कोअरिंगमध्ये मेल उघडल्याला शून्य गुण आहेत, आणि ते तसेच राहू द्यावेत असं माझं ठाम मत आहे. क्लिकवर विश्वास ठेवा. काही कंपन्यांची सुरक्षा सॉफ्टवेअर लिंकाही तपासून बघतात, तेवढं भान ठेवून.

---

नवा_गडी (छत्रपती संभाजीनगर)

सगळे एवढे कष्ट सांगताय, पण नेटवर खऱ्या परीक्षेतले प्रश्न उत्तरांसकट विकत मिळतात म्हणे. माझा मित्र तसाच पास झाला. पैसे माझेही खिशातूनच जाणार आहेत, मग जोखीम का घ्यायची?

---

सह्यवेडा

नवा_गडी, तुमची काळजी समजते. २०० डॉलर ही आपल्याकडे छोटी रक्कम नाही. पण ते डम्प घेऊ नका, कळकळीने सांगतो.

परीक्षेआधी आपण जो करार मान्य करतो त्यात प्रश्न बाहेर देणं-घेणं मना आहे, आणि उघड झालं तर मिळालेलं प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या उत्तरांमध्ये ढीगभर चुका असतात. कोणीतरी घाईत आठवून लिहिलेली, जुन्या आवृत्तीतली. आणि समजा त्याच्या जोरावर नोकरी लागली, तर पहिल्याच महिन्यात कोणीतरी तुम्हाला हजारो लोकांच्या डेटाबेसवर ऑटोमेशन रूल चालू करायला सांगेल. तो आधीच्या सगळ्या लोकांना लागू होतो हे आतून माहीत नसेल तर एका क्लिकमध्ये हजारो लोकांना नको तो मेल जाईल. गेलेला मेल परत आणता येत नाही.

मुलाखत घेताना मी प्रमाणपत्र बघतो आणि लगेच फळ्यावर एक प्रसंग लिहून विचारतो, यात काय वापराल. पाठ केलेला माणूस तिथे गप्प होतो. तुम्हाला गरज पडली तर मला निरोप करा, संध्याकाळी फोनवर शंका सोडवायला मी तयार आहे.

---

गोदाकाठ

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! सह्यवेडा दादा, वहीचं काम सुरू केलंय, रविवारी इथे टाकते. मधेच एक शंका. आमची कंपनी चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधल्या प्रदर्शनात स्टॉल लावते. तिथे एकाच टॅबवर येणारे सगळे फॉर्म भरतात. पारडॉटमध्ये असं केलं तर कुकीचं (ब्राउझर ओळखायला त्यात ठेवलेल्या खुणेचं) काय होईल? फॉर्म भरला की ब्राउझर त्या माणसाशी जोडला जातो असं धड्यात आहे.

---

मांडवी

गोदाकाठ ताई, हा तर परीक्षेतलाच प्रसंग तुम्ही स्वतःच्या स्टॉलवरून शोधून काढलात.

साधा फॉर्म ठेवलात तर टॅबवरचा ब्राउझर फॉर्म भरणाऱ्याशी जोडला जाईल. मग दुसरा आला की फॉर्ममध्ये पहिल्याचं नाव आधीच भरलेलं दिसेल, आणि तुमच्या पोरांनी त्याच टॅबवर वेबसाइट दाखवली तर ती पानं त्या ग्राहकाच्या खात्यावर चढतील. स्कोअर फुकटचा फुगेल. यासाठी फॉर्मच्या सेटिंगमध्ये किऑस्क किंवा डेटा एंट्री मोड असतो. तो चालू केला की भरणाऱ्याशी ब्राउझर जोडला जात नाही. ऑफिसात बसून कार्डांवरची माहिती फॉर्ममधून भरत असाल तरी हाच मोड, नाहीतर शंभर ग्राहकांच्या नावावर तुमचा संगणक.

फॉर्मवरून आठवलं म्हणून फॉर्म हँडलरही सांगते, त्यावर हमखास प्रश्न असतो. वेबसाइटवर कंपनीचा स्वतःचा फॉर्म आधीपासून आहे, त्याचं रूप बदलायचं नाही, आणि तीच माहिती आधीच्या ठिकाणी जाऊन शिवाय पारडॉटमध्येही यायला हवी, तर हँडलर. पण हँडलरला प्रोग्रेसिव्ह प्रोफाइलिंग जमत नाही, म्हणजे आधी दिलेली माहिती पुन्हा न विचारता पुढचा प्रश्न विचारणं. आणि फॉर्म किती जणांनी नुसता बघितला तेही तो सांगू शकत नाही. प्रश्नात यांपैकी एखादी गरज डोकावली की उत्तर पारडॉटचा स्वतःचा फॉर्म.

---

डोंगरवाट (ठाणे)

अभ्यासाचं जाणकारांनी सांगितलंच आहे. मी परीक्षेच्या दिवसाबद्दल लिहिते, कारण तिथेही माणसं अडकतात.

२०२५ पासून या परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत होतात, घरून किंवा केंद्रावर जाऊन. खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलंच पाहिजे. आपल्याकडे हे सोपं नसतं. आधारवर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं, सेल्सफोर्सच्या खात्यात नुसतं पहिलं नाव आणि आडनाव, आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आणखी एक भर. नोंदणीच्या आधी कोणतं ओळखपत्र दाखवणार ते ठरवा, ते समोर ठेवा आणि त्यावर जसं आहे तसं खात्यावर करून घ्या. आदल्या दिवशी लक्षात आलं तर धावपळ होते.

घरून द्यायची असेल तर टेबल पूर्ण रिकामं, भिंतीवर चिकटवलेले कागद काढलेले, दार बंद. खोलीचे फोटो मागतात. मधे कोणी आत आलं तर परीक्षा थांबवू शकतात, त्यामुळे घरच्यांना आणि कामाच्या मावशींना आधी सांगून ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप टाळा, त्यातली सुरक्षा सॉफ्टवेअर परीक्षेचं अॅप चालू देत नाहीत. वीज आणि नेटचा भरवसा नसेल तर सरळ केंद्र निवडा. पुण्या-मुंबईत केंद्रं आहेत. प्रवास पडतो, पण डोकं शांत राहतं.

---

अजिंक्यतारा (सातारा)

चर्चा उत्तम आहे, पण एक वेगळं मत मांडतो. ज्यांच्या कंपनीत पारडॉट नाही त्यांनी आधी हबस्पॉट या दुसऱ्या मार्केटिंग सॉफ्टवेअरच्या अॅकॅडमीची प्रमाणपत्रं करावीत. ती फुकट आहेत, आणि हबस्पॉटचं साधं फुकट खातं उघडून फॉर्म, याद्या, मेल हे हाताने करूनही बघता येतं. छोट्या कंपन्यांमध्ये तेच जास्त चालतं. २०० डॉलर भरून न वापरलेल्या सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

---

एडिसनकर

अजिंक्यतारा, निम्मं पटलं. हात बसायला हबस्पॉट उत्तमच, आणि फॉर्म-यादी-मेल यांची मूळ समज दोन्हीकडे सारखीच लागते. पण गोदाकाठ यांचं क्षेत्र बघा. औद्योगिक माल, खरेदीचा निर्णय महिनोन्महिने चालणारा, एका ऑर्डरमागे डिझाइन, खरेदी आणि मेंटेनन्स अशी तीन-चार माणसं. अशा व्यवसायांत, विशेषतः निर्यात करणाऱ्या आणि सेल्सची माहिती सेल्सफोर्समध्ये ठेवणाऱ्या कंपन्यांत, पारडॉट जाणणारी माणसं लागतात. त्यांचं क्षेत्रातलं ज्ञान आधीच आहे. व्हॉल्व्ह कोण विकत घेतं आणि किती दिवस विचार करतं हे ज्याला माहीत आहे, तो ग्रेडिंगचे निकष कोणाही सॉफ्टवेअरवाल्यापेक्षा चांगले ठरवेल. त्यामुळे त्यांनी ही परीक्षा द्यावीच, असं मी म्हणेन.

---

गोदाकाठ

एडिसनकर, धीर दिलात. वहीतलं टाकतेय, तपासून सांगा.

टॅबवरचा फॉर्म किऑस्क मोडमध्ये. भरला की कम्प्लीशन अॅक्शन: 'प्रदर्शन' यादीत टाकणे आणि आभाराचा मेल. गेल्या वर्षांची एक्सेलमधली नावं आयात केल्यावर 'उद्योग: औषधनिर्मिती' असलेल्यांना टॅग लावायचाय, तेही एकदाच, म्हणून सेगमेंटेशन रूल. ग्रेड बी आणि स्कोअर १०० च्या वर गेला की सेल्सच्या माणसाला नेमून द्यायचा, जुन्या-नव्या सगळ्यांना लागू, म्हणून ऑटोमेशन रूल. ज्यांच्याशी सध्या कोटेशनची बोलणी चालू आहेत त्यांना माहितीपर मेल जायला नकोत आणि बोलणी संपली की पुन्हा जायला हवेत, म्हणून त्यांची डायनॅमिक लिस्ट करून ती एंगेजमेंट स्टुडिओत सप्रेशन लिस्ट म्हणून लावायची.

---

सह्यवेडा

शाब्बास! डायनॅमिक लिस्ट सप्रेशनला लावायची कल्पना तर बरेच काम करणारे लोकही वापरत नाहीत.

दोन गोष्टी जोडा. सेल्सच्या माणसाला नेमून देणं ही नुसती सोय नाही, त्यावर सिंक, म्हणजे पारडॉट आणि सेल्सफोर्समधल्या नोंदी जुळणं, अवलंबून असतं. पारडॉटमध्ये तयार झालेला प्रॉस्पेक्ट साधारणपणे कोणाला तरी नेमून दिल्यावरच सेल्सफोर्समध्ये लीड म्हणून उतरतो. 'फॉर्म भरला पण सेल्सफोर्समध्ये दिसत नाही, का?' या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथेच असतं. आणि एकाच ईमेलचा लीडही असेल आणि कॉन्टॅक्टही (एखाद्या कंपनीच्या खात्याशी जोडलेली व्यक्ती), तर तो कॉन्टॅक्टशी जोडला जातो.

दुसरं, जुनी एक्सेलची नावं. आयात करण्याआधी ती गाळा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या पत्त्यांतले अनेक बंद झालेले असतात. एक हार्ड बाउन्स (पत्ताच बंद म्हणून मेल परत) किंवा पाच सॉफ्ट बाउन्स (तात्पुरत्या अडचणीने परत) झाले की पारडॉट त्या पत्त्यावर पाठवणं थांबवतं, हे परीक्षेसाठी लक्षात ठेवा. पण ते होईपर्यंत तुमच्या डोमेनची पत गेलेली असते. एसपीएफ आणि डीकेआयएम लावून डोमेन आपलं आहे हे सिद्ध केलं तरी घाण यादीवर पाठवलेले मेल स्पॅममध्येच जातात.

---

रानपाखरू

परवानगीबद्दल एक प्रश्न राहिला. एखाद्याने अनसबस्क्राइब केलं आणि नंतर प्रदर्शनात येऊन स्वतःहून पुन्हा कार्ड दिलं. त्याला मेल पाठवता येतो का? ऑपरेशनल ईमेल म्हणून पाठवला तर ऑप्ट-आउट झालेल्यालाही जातो, असं वाचलंय.

---

मांडवी

जातो, पण त्यासाठी तो नाहीच. ऑपरेशनल म्हणजे व्यवहाराचा मेल: सेवा बंद राहणार आहे, करार बदलतोय, तुम्ही नोंदवलेल्या कार्यक्रमाची जागा बदलली. त्यात माल विकायचा एक शब्दही चालत नाही. परीक्षेत हा पर्याय मोहात पाडायला ठेवलेला असतो आणि प्रसंग जाहिरातीचा असतो.

कायद्याने बघितलं तरी तेच. अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याप्रमाणे नको म्हणणाऱ्याचं ऐकावं लागतं आणि मेलमध्ये टपालाचा पत्ताही लागतो. युरोपात मे २०१८ पासून जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा आहे. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे.

कार्ड देऊन गेलेल्या माणसाला स्वतःच्या मेलबॉक्समधून, एकट्याला, साधा मेल लिहा: भेटून आनंद झाला, आमची माहिती हवी असेल तर या लिंकवर आपली पसंती नोंदवा. लिंक प्रेफरन्स सेंटरची (कोणते मेल हवेत ते निवडायच्या पानाची) द्या. त्याने तिथे जाऊन होकार दिला की तारखेसकट नोंद होते. आयात करताना ऑप्ट-आउटची खूण आपण आपल्या हाताने पुसायची नाही.